मनोहरभाऊंचा मणका

आमचे शेजारी मनोहरभाऊ कुणाच्या घरी गेले, की चहा येण्याआधी त्या घरच्या माणसाला शर्ट वर करायला लावायचे. सेलूमध्ये ज्याच्या ज्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, त्याची पाठ भाऊंनी पाहिलेली. आधी टाके निरखायचे, मग हुकूम सोडायचा, "पायाचा आंगठा हालवून दाखव." अंगठा हलला की भाऊच हुश्श करायचे.

एका लग्नात त्यांनी नवरीच्या मामालाच धरलं. मामा बिचारा मठ्ठ्याचा ग्लास घेऊन पाठमोरा उभा, शर्ट खांद्यापर्यंत, आणि भाऊ विचारताहेत, "नट-बोल्टवालं केलं का बिना नट-बोल्टवालं?" मी तिथून पळच काढला. ओळख दाखवायची सोय राहिली नव्हती!

हे सगळं स्वतःच्या कंबरेपायी. तहसील कचेरीतून रिटायर झाले आणि गादी सरकली. बायको गेल्यापासून त्यांच्यासोबत दवाखान्यात मीच जायची, त्यामुळे डॉक्टरांनी मलाही समजावून सांगितलं. मणक्यांमधली गादी बाहेर येऊन नसेवर दाब देते आहे. दुर्बिणीतून बारीक छेद घेऊन तेवढा तुकडा काढता येतो. मणकाच हलत असेल तर स्क्रू आणि सळ्या टाकून बसवावा लागतो. भाऊंचं दुर्बिणीवर भागणार होतं. "पण लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी या. उशीर नको." असं डॉक्टरांनी बजावलं.

भाऊंनी तारीख घेतली आणि मोडली. पुन्हा घेतली, पुन्हा मोडली. एकदा अमावस्या आडवी आली. एकदा म्हणे सर्जनचा हात थरथरताना दिसला. "पाहू ना जी, घाई काय हाये?"

एक दिवस माझ्या अंगणात आले ते एकाच पायात चप्पल घालून. दुसरी मागे फाटकात पडलेली.

"भाऊ, चप्पल कुठाय?"

त्यांनी खाली पाहिलं. मला वाटलं, आता हसतील.

"निघाली कवा, समजलंच नाई मले."

म्हणजे पाय बधिर व्हायला लागला होता. माझं डोकंच फिरलं. "गावभरच्या लोकांच्या पाठी बघत फिरता, आणि स्वतःची वेळ आली की अमावस्या! भित्रे आहात तुम्ही, भाऊ."

"हाओ मॅडम, भेतो. लय भेतो," म्हणाले आणि चप्पल शोधायला गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सकाळी त्यांनी मला फाटकातूनच हाक मारली. आवाज पार बसला होता. "रात्रीपासून लघवी नाई झाली. अन् खाली काईच समजून नाई राह्यलं."

मी तशीच गाडी काढली. थेट सेवाग्रामचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, आजच करावं लागेल. पायातली जाण परत येईल का, लघवीचं काय, मी विचारलं. म्हणाले, "प्रयत्न करू. हमी नाही देता येत."

भाऊंना स्ट्रेचरवर घेतलं. त्यांनी आपला मोबाइल माझ्या हातात दिला. "पिंकीचा फोन येते संध्याकाळी. उचलजा. बाबा फिरायले गेले म्हणजा."

"लेकीला सांगितलंच नाही तुम्ही? कमाल आहे तुमची!"

"सातवा महिना हाये तिले. याच्याआधी दोनदा पोट पडलं. डॉक्टरनं पलंगावरून उठू नको म्हणलं. हे कानावर गेलं तं पुण्याहून धावत येईन ते पोरगी. तिची सुटका झाली की करनारच होतो मी. तेवढं तरी कंबरेनं थांबाले पाहिजे होतं ना, मॅडम?"

मी भित्रा म्हणाले होते या माणसाला. काही बोलायच्या आत स्ट्रेचर आत गेलं.

संध्याकाळी मोबाइल वाजला. पिंकीच होती.

"काकू? बाबा कुठं आहेत?"

"फिरायला गेलेत, बेटा."

"मोबाइल घरीच ठेवून?"

"हो ना. विसरले."

"पडून पडून कंटाळा आला हो. त्यांच्याशी बोललं की बरं वाटते. काकू, त्यांना फार लांब जाऊ देऊ नका हं."

"नाही जाऊ देत," मी म्हटलं. समोरचं ऑपरेशन थिएटरचं दार अजून बंदच होतं.