लाभ, दोन, तीन

आमच्या शेजारचे तुळशीराम काका 'एक' हा आकडा तोंडातून काढत नाहीत. त्यांची मोजणी 'लाभ'पासून सुरू होते. लाभ, दोन, तीन, चार. ते बाजार समितीत मापारी होते. धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही तिथली रीत. काम सुटलं, रीत सुटली नाही. रस्त्यानं बकऱ्या चालल्या की काका ओट्यावरून मोजतात. पंगतीत बसले की ताटातल्या पुऱ्या मोजतात. एकदा डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या किती घेता?"

"सकाळी लाभ, सांजी दोन."

"लाभ झाला ते चांगलंच आहे हो, पण सकाळी किती घेता?"

दुसरा न चालणारा शब्द म्हणजे 'संपलं'. त्यांच्या घरात काही संपत नाही, वाढतं. मी नवी नवरी होते तेव्हा काकू वाटी घेऊन दारात आल्या आणि म्हणाल्या, "सूनबाई, आमचं मीठ वाढलं वो." मी म्हटलं, बरं झालं, आणि आत निघून गेले. काकू कितीतरी वेळ वाटी घेऊन उभ्या होत्या. काका ही गोष्ट अजून सगळ्यांना सांगतात. काकूंना जाऊन आता दोन वर्षं झाली.

यंदा जिल्ह्याच्या मोठ्या सोहळ्यात मैदानभर बायांचं लेझीम बसवायचं ठरलं. बुलढाण्याला निवड होती. कोणीही यावं आणि चार पावलं नाचून दाखवावीत. मदतीला स्वयंसेवक पाहिजेत असं कळताच काकांनी स्वतःचं नाव दिलं, आणि मला न विचारता माझंही.

"मले नाही जमत काका, चारचौघांत."

"तुले बोलाचं कुठी हाये? मी मोजतो, तू लिही. आकडे तं येतात ना?"

मी चौथीपर्यंत शिकले. आकडे मात्र माझे सुरेख येतात. गेले.

निवडीच्या दिवशी सकाळी मैदानाच्या फाटकापाशी आम्हाला एक टेबल आणि शिक्का मारलेल्या कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा मिळाला. काका एकेका बाईला आत घेत, मोठ्यानं आकडा बोलत, मी तो चिठ्ठीवर लिहून तिच्या पदराला टाचणीनं लावायची. पहिली आली ती अमडापूरची सविता. पहिल्या गाडीनं आली होती.

"शाळेत लेझीममध्ये मी पुढं राहो," ती मला म्हणाली. "लगन झाल्यापासून हातात नाही धरलं. सासू म्हणे, एक डाव जाऊन पाय. नाही घेतलं तं पुन्हा नाव काढू नोको."

"लाभ!" काका गरजले.

मी चिठ्ठीवर लिहिलं, 'लाभ'.

त्या वेळी मला काही चुकलं असं वाटलंच नाही. पुढे दोन, तीन, चार असं सरळ चालू झालं. मधे काकांनी विचारलं, "तुले नाही का नाचाचं?" मी नाही अशी मान हलवली. शाळेत मीही खेळले होते. पण ते सांगायचं राहून गेलं.

दुपारी फाटक बंद झालं. उरलेल्या चिठ्ठ्या परत द्यायच्या होत्या. काकांनी त्यातली एक काढून खिशात घातली.

"काका, ही चोरी झाली!"

"चोरी नाही, मूठ हाये. माप कधी पुरं रिकामं करू नाही. मूठभर मांगं ठेवाची."

"कोणासाठी?"

"जो मांगत नाही त्याच्यासाठी."

आत पुण्याहून आलेले नाचाचे सर आकडे पुकारून बाया बोलवत होते. ढोलापुढे आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. पाच वाजता ढोल थांबला आणि मी पाणी घेऊन आत गेले, तर निंबाखाली सविता तशीच बसलेली. पदराला 'लाभ'.

"झालं का वो तुमचं?"

"मले कुठी पुकारलं? लाभ म्हणलंच नाही कोनी."

मी तांब्या तिथंच ठेवला. काकांना बोलावलं. ते तिला घेऊन सरांपुढे उभे राहिले.

सर यादी बघून म्हणाले, "एक नंबर तीनदा पुकारला. गैरहजर लावलाय. आणि लाभ हे काय, आडनाव आहे का यांचं?"

"लाभ म्हंजे पहिला नंबर, साहेब."

"मग एक लिहायचं ना! कोणी लिहिलं हे?"

मी म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. पण काकांच्या मागे सरकले.

"चूक माही हाये," काका म्हणाले. "जे मी बोललो तेच लिहिल्या गेलं."

"काका, गैरहजर नंबर परत घेता येत नाही. नवी चिठ्ठी असती तर गोष्ट वेगळी, पण गठ्ठा दुपारीच परत गेला. आता संपलं."

"संपलं म्हणू नोका, साहेब." काकांनी खिशात हात घातला. बाहेर काढताना क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग चिठ्ठी टेबलावर ठेवली. "वाढलं म्हणा."

शिक्का खरा होता. सरांनी हसून लेझीम तिच्या हातात दिलं. ढोलवाला निघून गेला होता, म्हणून काकाच टाळ्या वाजवून मोजायला लागले. "लाभ, दोन, तीन, चार! लाभ, दोन, तीन, चार!" सविता अशी खेळली की बसायला अंथरलेल्या गाद्या गोळा करणारे लोकही थांबून बघत राहिले. शेवटी शेवटी तर सरही लाभ, दोन म्हणत होते. त्यांनी तिचं नाव यादीत घातलं. ती काकांच्या पाया पडली आणि गाडीसाठी पळत सुटली.

परतीच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो. देऊळघाट जवळ आलं तेव्हा काका म्हणाले, "ते चिठ्ठी तुह्यासाठी ठेवली होती, सूनबाई. म्हटलं, सांजपर्यंत हो म्हणशील."



घरी आल्यावर भाकरी केल्या आणि टोपलं, भाजी घेऊन त्यांच्याकडे गेले. काका चुलीपुढे बसले होते. फळीवरून त्यांनी ताट काढलं. "लाभ," म्हणाले, आणि थांबले. तांब्या काढला. "लाभ." पुन्हा थांबले. खाली एकच पाट होता.

बाहेर दिवसभर सगळं मोजणाऱ्या या माणसाची मोजणी घरात लाभच्या पुढे जात नव्हती. इतकी वर्षं मी भिंतीपलीकडे राहते. माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मी परत दारात जाऊन माझ्या दोघी पोरींना हाक मारली. आपापली ताटं घेऊन या म्हटलं. त्या आल्या, काकांच्या दोन्ही बाजूंना बसल्या. काका बोटानं मोजायला लागले. आधी स्वतःकडे, मग पोरींकडे.

"लाभ. दोन. तीन."

मी चौकटीला टेकून उभी होते. त्यांनी मान वर केली आणि बोट माझ्याकडे वळवलं.

"चार," म्हणाले. "बस."