कल्याणप्पांचा परतलेला फॉर्म

दुखापत खेळाडूला शहाणं करते, असं जाणकार सांगतात. ती भोवतालच्या लोकांना किती शहाणं करते, याचा अभ्यास मात्र अद्याप कुणी हाती घेतलेला नाही. सदर उणीव भरून काढण्यासाठी जळकोटच्या कल्याणप्पांचं प्रकरण सविनय सादर आहे.

कल्याणप्पांचं वय एकसष्ट, धंदा बी-बियाणांचा, आणि गावातल्या एकमेव टेनिस कोर्टावरचे ते सर्वांत जुने खेळाडू. कोर्ट सिमेंटचं असल्यामुळं हंगामात त्यावर सोयाबीन वाळत घालायची वहिवाट आहे (टेनिसला अशा वेळी उरलेली जागा मिळते). गेल्या दिवाळीआधी अशाच उरलेल्या जागेत अप्पा चेंडूमागं धावले, दाण्यांवरून घसरले आणि गुडघा गेला. सोयाबीन त्यांचं स्वतःचंच होतं, त्यामुळं कुणाला शिव्या द्यायचीही सोय राहिली नाही.

त्याआधीचे अप्पा म्हणजे तापलेला तवा. रेषेवर पडलेल्या एका चेंडूपायी त्यांनी सख्ख्या साडूशी बोलणं टाकलं होतं. पण गुडघ्याला पट्टा बांधून परतले ते माणूसच बदलून. चेंडू आत पडो की बाहेर, अप्पा आपले "असू दे, असू दे." गावानं तोंडात बोटं घातली. कुणी म्हणालं योगासनं, कुणी म्हणालं येरमाळ्याच्या देवीचा नवस, कंपाउंडरच्या मते गोळ्यांचा परिणाम. खरं कारण अगदीच साधं होतं. अप्पा रोज जिंकत होते, आणि जिंकणाऱ्या माणसाला शांत राहायला फारसे कष्ट पडत नाहीत.

आता ते जिंकत का होते, तेही सांगितलं पाहिजे. दुखणाइताला भेटायला रिकाम्या हातानं जाऊ नये, नारळ नाहीतर बिस्किटाचा पुडा न्यावा, ही आपली रीत. जळकोटकरांनी ती कोर्टावर पाळली, एवढंच. जो येई तो अप्पांसाठी दोन-चार गेम घेऊन येई. एरवी अप्पांना घाम फोडणारा महालिंगप्पासुद्धा चेंडू असा अलगद टाकी, की जणू पंगतीत आग्रहानं भजं वाढतोय.

अप्पांना शंका आली नाही असं नाही. शेवटी त्यांनी बायकोला, महानंदाबाईंना, विचारलंच.

"खरंच सुधारलाय का गं खेळ माझा?"

"पायरी उतरताना भिंत धरताव, अन् तिकडं चेंडूमागं पळताव म्हणं. आता म्या काय सांगू?"

हे बोलणं अप्पांना काट्यासारखं सलत राहिलं. जो आपल्याला ओळखत नाही अशा माणसाशी एकदा खेळायचं, आणि अजून खेळता येतं का ते कळून घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं.

धाराशिवला ज्येष्ठांची स्पर्धा होती. अर्ज थोडे आल्यामुळं आयोजकांनी स्त्री-पुरुष गट एकत्र केले होते (उद्घाटनाच्या भाषणात याला समता म्हटलं गेलं). अप्पांसमोर आल्या उमरग्याच्या निवृत्त शिक्षिका उमादेवी. बाईंनी अप्पांना सहा-एकनं झोडपलं. पण तो एक गेम! त्यासाठी अप्पा गुडघा विसरून पळाले होते. जाळीपाशी आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"एक गेम तरी घेतला बघा, बाई."

"लंगडत होताव की हो अप्पा," उमादेवी मायेनं म्हणाल्या. "बघवंना मला, म्हणून सोडला एक."

तिथं अप्पांच्या सुप्रसिद्ध संयमाचा निकाल लागला. रॅकेट आपटून ते ओरडले, "तुमाला कुणी सांगितलं होतं? म्या काय दुखणाईत हाय व्हय? चला, त्यो गेम परत खेळा! खरा खेळा!"

बाई खऱ्या खेळल्या. अप्पांना एकही गुण मिळाला नाही. शेवटचा चेंडू रेषेवर पडला तसे अप्पा गरजले, "भायेर!" उमादेवींनीही पदर खोचला. दोघं असे कडाकडा भांडले, की शेजारच्या कोर्टावरचा सामना थांबला. अप्पांना लई दिवसांनी बरं वाटलं.

घरी महानंदाबाईंनी विचारलं, "हरलाव?"

"सहा-शून्य."

"मग हसताव कशाला?"

"खरं हरलो गं!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी अख्ख्या कोर्टाला हे सांगितलं. आता आपल्याशी खरंच खेळायचं, अशी ताकीदही दिली. महालिंगप्पानं मान डोलावली आणि पहिलाच चेंडू नेमका जाळीत मारला. अप्पांनी त्याच्याकडं पाहिलं, जाळीकडं पाहिलं, गुडघा चोळला.

"असू दे, असू दे," ते म्हणाले, आणि गुण घेतला.

वाचकहो, हसायला हरकत नाही. फक्त गेल्या दिवाळीत कॅरममध्ये जावयाला हरवून तुम्ही मिशीवर ताव दिला होतात, त्याबद्दल एकदा लेकीला विचारून घ्या.