डोक्याला हात

"ताई, रविवारी ये तू. माझा सोलो आहे," असं नोलीन फोनवर बोलून गेली आणि तिथंच फसली.

थोरली बहीण मार्लीन खरंच येईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मार्लीनचं आयुष्यभर एकच पालुपद, "ते कपाट घेऊन गावभर फिरतेस, पण त्याचा आवाज कधी कुणाच्या कानावर पडलाय का?" कपाट म्हणजे नोलीनचा डबल बास. माणसाहून उंच तंतुवाद्य, पण काम मिठाचं, नसलं तरच कळतं. आणि रविवारी दुपारी बघते तर काय, बोलिंग क्लबच्या हिरवळीवर पहिल्याच रांगेत मार्लीन! टोपीवर खोट्या लालभडक चेरी, हातात सॉसेज घातलेला पाव. आज ऐकू नाही गेलं, तर मरेपर्यंत कपाटच ऐकावं लागणार.

चौघांचाच जॅझचा चमू. ट्रम्पेटवाला डेस म्होरक्या, ड्रमवर केल, गिटारवर विक. सगळ्यांनी मिळून मुखडा वाजवायचा, मग एकेकाला मोकळं रान, सुचेल ते वाजवा. पण सुटलेल्या मंडळींना परत गोळा कसं करायचं? डेसने डोक्यावर हात ठेवला की मुकाट मुखड्यावर यायचं आणि गाणं संपवायचं. ही खूण त्यांच्या हाडीमाशी भिनली होती.

नोलीनची पाळी आली. तिने डोळे मिटून दोन सूर छेडले, तोच वरच्या निलगिरीच्या झाडावरून एक मॅगपाय पक्षी सुटला तो थेट डेसच्या टकलावर. वसंतात घरट्यात पिल्लं असली की या पक्ष्याला समोरचा प्रत्येक माणूस चोर वाटतो. "आई गं!" करत डेसचा हात डोक्यावर गेला. झालं! केल आणि विक इमानदारीत मुखड्यावर आले आणि गाणं संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"अरे, मी खूण कुठं केली? टोचलं मला त्याने!" डेस कळवळला.

"आम्हाला काय माहीत? हात डोक्यावर होता," केल म्हणाला.

मार्लीन मोठ्यांदा म्हणाली, "झाला का गं सोलो?"

नोलीनला रडूच कोसळणार होतं, पण तिने नेट धरला. "डेस, माझा सोलो झाल्याशिवाय मी हे कपाट, म्हणजे हा बास, गाडीत भरणार नाही!" आत सभागृहात बिंगोचा खेळ चालला होता, त्यामुळे जागा बदलणं शक्य नव्हतं. मग खूणच बदलली. डोक्याला हात लागला तर दुर्लक्ष करायचं, मूठ वर गेली तरच आवरायचं. पुढच्या गाण्यात नोलीन वाजवायला लागली, पक्षी पुन्हा आला आणि डेसला शौर्य चढलं. "ये, ये तू! बघतोच तुला!" म्हणत त्याने पक्ष्यावर मूठ उगारली. केलने धाडकन शेवट केला.

आता क्लबच्या स्वयंपाकघरातून आईस्क्रीमचा रिकामा डबा आला. त्याच्या मागच्या बाजूला काळ्या शाईने दोन मोठे डोळे काढलेले, म्हणजे मागून झडप घालणाऱ्या पक्ष्याला वाटावं, माणूस आपल्याकडेच बघतोय.

"हे डोक्यात घालून वाजवू मी?" डेसने विचारलं.

"घाल की! इथं कोण तुला मुलगी दाखवायला आलंय?" नोलीन कडाडली.

डेसने डबा घातला. डोकं झाकल्यामुळे जुनीच खूण परत लागू झाली. नोलीनने सोलो सुरू केला. पक्षी आला, ते डोळे पाहून बिचकला, वळला, आणि बासच्या शेंड्यावर येऊन बसला. नोलीनच्या नाकापासून वीतभर!

"हलू नकोस. वाजवत राहा," केल पुटपुटला.

पाठ करून आणलेला सोलो तेवढ्यात संपला. तिने डेसकडे काकुळतीने पाहिलं, पण पक्ष्यासमोर हात उचलायची डेसची छाती होईना. मग तिने सुचेल ते वाजवायला घेतलं. बोटांना सुचलं ते लहानपणीचं. दोघी बहिणी भांडी घासताना गुणगुणायच्या, तसलं काहीतरी संथ आणि वेडंवाकडं. ती जरा थांबली की तेवढ्या फटीत पक्षी आपला गळा मोकळा करायचा. लोक पाव खायचे थांबले. मार्लीनचे डोळे भरून आले. तिने मान वेळावली आणि टोपीवरच्या चेरी हलल्या.

पक्ष्याने चेरी पाहिल्या. पुढच्या क्षणाला किंचाळत मार्लीनने दोन्ही हात डोक्यावर घेतले, आणि केल, विक, डेस सगळे मुखड्यावर! गाणं संपलं. क्लब उठून टाळ्या वाजवत होता. पक्षी दोन चेरी घेऊन झाडावर गेला.

मार्लीन मात्र तणतणत पुढे आली. "थांबवलंत कशाला? आत्ता कुठं रंगात आली होती माझी बहीण! कुठल्या गाढवाने खूण केली?"

डेसने डब्याखालून नोलीनकडे पाहिलं.

"ताई," नोलीन म्हणाली, "अगं, डोक्याला हात लावला की आम्ही थांबतो. तूच लावलास."

"मी?" म्हणत मार्लीनने डोक्याला हात लावला.

केलने तत्परतेने मुखडा सुरू केला.