सर्व मालकांची ना-हरकत

आमच्या घरच्या संगणकात चोरीची एकही वस्तू नाही, हे मी सुरुवातीलाच कबूल करते. सगळं बिघडलं ते तिथूनच.

आधी होती. दुरुस्तीवाल्याने इमारतीतल्या सगळ्या संगणकांत ते चालवणारी एकच प्रणाली घातली होती, एकाच चकतीवरून. ती विकत घ्यायची असते आणि आमच्यापैकी कुणीच घेतलेली नाही, हे कळल्यावर मी ती काढून टाकायला सांगितली.

"वहिनी, अख्खी इमारत हेच वापरते. तुम्हालाच तेवढं पाप लागतंय का?"

"इमारतीचं इमारत बघेल," मी म्हटलं.

त्याने कुरकुरत दुसरी प्रणाली घातली. जगभरच्या लोकांनी मिळून केलेली; कुणीही घ्यावी, वापरावी, शेजाऱ्याला द्यावी. फुकट आणि वर कायदेशीर. महिनाभर ती एकदाही रुसली नाही.

त्याच महिन्यात सासूबाईंच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. डाव्या डोळ्याने पूर्वीच रजा घेतली होती. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया लवकर झाली तर नजर राहील. रुग्णालयात तारीख मात्र घरच्या संगणकावरून अर्ज केल्यावरच मिळते. लोकांना हेलपाटे पडू नयेत म्हणून. मी अर्ज भरला. उत्तर आलं : 'आपली संगणकप्रणाली आमच्या ओळखीची नाही. ओळख पटवण्यासाठी खिडकी क्रमांक चारवर समक्ष यावे.'

खिडकीतून कारकुनाचा हात बाहेर आला. "प्रणालीच्या खरेदीची पावती?"

"ती फुकट मिळते."

"पावती नाही, म्हणजे वस्तू संशयास्पद."

"आधीची तर चोरीचीच होती. तिची तरी पावती कुठे होती?"

"ती आम्ही मागितलीच नसती, बाई. ती ओळखीची आहे." त्याने स्वतःच्या संगणकावर मायेने हात फिरवला. "आमच्याकडेही तीच आहे."

प्रकरण आतल्या खोलीत साहेबांकडे गेलं.

"हिचा मालक कोण?"

"सगळेच, साहेब. तुम्हीसुद्धा."

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांना नियम सापडला होता. "मालमत्ता सामाईक असेल तर सर्व मालकांची ना-हरकत लागते. सह्या आणा, लगेच तारीख देतो."

"मग पहिली सही तुमचीच घेते."

"माझी शेवटी. वरिष्ठ कधी आधी सही करत नसतात."

मी दारोदार निघाले. शेजारच्या मास्तरांनी माझं म्हणणं ऐकता ऐकता आपल्या संगणकावर टॉवेल टाकला. "सही करायला हरकत नाही हो, पण मग आमच्याकडे काय आहे ते बघायला कुणी येणार नाही ना?" खालच्या मजल्यावरच्या वकीलबाई गहिवरल्या. "तुमच्या सचोटीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. लेखी तेवढा मागू नका." दुरुस्तीवाला तर हात जोडून म्हणाला, "वहिनी, पोटावर पाय नका देऊ. मागची चकती लावतो, पाच मिनिटांत तारीख मिळेल."

घरी आले तेव्हा सासूबाई चहा ओतत होत्या. कपाच्या शेजारी.

"किती सह्या झाल्या गं?"

"एक. माझी."

"पुण्य तुझ्या वाट्याला नि अंधार माझ्या. ही कुठली वाटणी, सूनबाई?"

"थोडं थांबा ना, आई."

"थांबते की. पण उद्या मला तू दिसणार आहेस का?"

"आवाजावरून ओळखाल."

"हो, आवाजापासून सुटका कुठली माझ्या नशिबात!" त्या म्हणाल्या आणि भिंत चाचपत आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा साहेबांसमोर उभी राहिले. त्यांना दया आली. घरोघर हिंडण्यापेक्षा सगळी हकीकत छापून तिच्याखाली सह्या घेतल्या तरी चालेल, अशी सवलत त्यांनी दिली. तोंडी.

तेव्हा वाचकहो, आपण आत्तापर्यंत वाचलीत ती गोष्ट नव्हे, अर्ज आहे. प्रणाली जितकी माझी तितकीच आपली. म्हणून खाली मोकळ्या जागेत सही करावी. आपल्या संगणकात काय आहे, ते मी विचारत नाही. आणि सही न करता पान उलटलंत, तरी संकोच नको.

सासूबाईंना दिसणार नाही.