नसलेली केबल

बायकोच्या मुलाखतीला थोडा अवकाश होता, म्हणून मी ठरवलं, की लॅपटॉप एकदा, फक्त एकदा, तपासून बघावा. एवढाच माझा गुन्हा.

बायको शाळेत गणित शिकवते. मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी तिची मुलाखत लॅपटॉपवरून होणार होती आणि मुलाखतीचा प्रोग्रॅम आमच्या जुन्या लॅपटॉपला मानवत नव्हता. म्हणून मेहुण्यानं आदल्या दिवशी येऊन लॅपटॉपच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर बसवून दिला. (खराखुरा नव्हे. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. पडद्यावर एक खिडकी उघडते आणि तिच्यात आख्खा दुसरा कॉम्प्युटर सुरू होतो.) जाताना त्यानं मला बजावलं होतं, "भावोजी, इंटरनेट आतपर्यंत पोचवलंय. कशाला हात लावू नका."

लावणारही नव्हतो. पण आतल्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात वायफायचं चिन्हच दिसेना. तिथे चक्क वायरचं चित्र! सेटिंग उघडलं, तर एक चौकोन, चौकोनात बरोबरची खूण आणि शेजारी शब्द : 'केबल कनेक्टेड'.

मी हादरलोच. कसली केबल? लॅपटॉप उचलून पाहिला, उलटा करून पाहिला. चार्जर सोडला तर वायरचा पत्ता नाही.

आता माझी नोकरी सांगायला हवी. मी ऑफिसात लोकांचे अर्ज पडताळतो. नसलेल्या गोष्टीपुढे 'आहे' अशी खूण दिसली, की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. इथे हातात माऊस होता. मी खूण काढून टाकली.

इंटरनेट गेलं.

"काय केलंत?" आतून केस विंचरता विंचरता बायकोनं विचारलं. (तिला न बघताही कळतं.)

"काही नाही. एक खोटी नोंद काढली."

ती धावत आली. पडदा बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, या जागेची मी किती वर्षं वाट बघतेय! ती खूण परत करा आधी!"

"अगं, पण केबल नाहीये."

"नसू दे!"

"नसताना 'आहे' कसं म्हणू?"

तिनं मेहुण्याला फोन लावून माझ्या कानाला चिकटवला. तो म्हणाला, "भावोजी, आतल्या कॉम्प्युटरला वायफाय दिसतच नाही. बाहेरचा लॅपटॉप वायफायवरून नेट घेतो आणि आतल्याला सांगतो, ही घे केबल. त्याला ते पटतं."

"म्हणजे तू त्याला फसवलंस?"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

मी मधला मार्ग काढला. खरीच केबल जोडली, की खूणही खरी! कपाटातून एक जुनी केबल शोधून काढली आणि टेबलाखाली शिरलो. राउटर तिथेच भिंतीला खाली ठोकलेला आहे. मी भोक चाचपडत होतो, तेवढ्यात वर माऊस वाजला. बायकोनं सरळ खूण केली होती. आणि लगेच एका अनोळखी बाईंचा आवाज आला, "नमस्कार मॅडम."

चालू झालं! धडधडीत खोटं बोलून चालू झालं! बाहेर पडावं तर समोर बायकोचे पाय, मागे भिंत.

"सुरुवात करण्याआधी," त्या बाई म्हणाल्या, "खोलीत तुमच्याशिवाय कोणी नाही ना?"

"कोणी नाही," बायको म्हणाली.

माझा कानांवर विश्वास बसेना. एका मिनिटात दुसरं खोटं!

"आहे!" मी ओरडलो. टेबलावर डोकं आपटलं आणि गळ्यात केबल घेऊन मी वर उगवलो. पडद्यावरचे तीन चेहरे आ वासून बघत राहिले.

"हे कोण?"

"कॉम्प्युटर दुरुस्तीवाले," बायको शांतपणे म्हणाली. "झालं त्यांचं. निघालेच."

मी तोंड उघडलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं, केबल गुंडाळली आणि सर्वांना नमस्कार करून चपला घालून घराबाहेर गेलो. मुलाखत संपेपर्यंत जिन्यात बसून होतो. आपल्यामुळे तिची जागा गेली या विचारानं अक्षरशः रडू येत होतं.

संध्याकाळी त्याच बाईंचा फोन आला. बायकोनं स्पीकर लावला.

"अभिनंदन! निवड झाली तुमची. एवढ्या गोंधळात तुम्ही जराही डगमगला नाहीत, तेच आम्हाला आवडलं. फक्त त्या दुरुस्तीवाल्याला परत घरात घेऊ नका हं."

बायकोनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"इलाज नाही हो मॅडम," ती म्हणाली. "ते इथेच राहतात."