वरच्या खोलीचा आलेख

बायको दुपारी शिवणाचा ऑनलाइन क्लास घ्यायची, आणि तो बाहीपाशी आला की अडकायचा. कात्री कापडाला टेकायची आणि पडद्यावर बाई तोंड उघडं ठेवून थिजायच्या. पलीकडच्या विद्यार्थिनी थोडी वाट बघायच्या आणि मग आपल्या मनाने कापड कापून मोकळ्या व्हायच्या. कितीतरी झबली त्यात वाया गेली. दोघींनी क्लास सोडला होता, बाकीच्यांचा एक पाय बाहेरच होता.

"अख्ख्या ऑफिसचं नेटवर्क सांभाळता ना तुम्ही?" बायको म्हणाली. "मग घरचंच असं का? सोमवारी नवी बॅच क्लास बघायला येणार आहे. तेव्हा अडकलं ना, तर मी मशीन विकून टाकते."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. नवऱ्याला ते चांगलंच झोंबलं. त्याने ऑफिसातून बाद झालेला एक दणकट राउटर घरी आणला आणि खालच्या खोल्यांची वायर एका पोर्टला, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सासू-सासऱ्यांच्या वायफायची दुसऱ्या पोर्टला जोडली. मग राउटरला नोंदी पाठवायला लावलं: कोणत्या पोर्टमधून किती आलं, किती गेलं आणि कुठे गेलं. काय गेलं, ते मात्र या नोंदींत नसतं. पाकिटावरचा पत्ता आणि वजन तेवढं कळतं.

दुसऱ्या दिवशी क्लास सुरू झाला आणि आलेखावर वरच्या खोलीची रेघ जी चढली, ती क्लास संपेपर्यंत खाली यायला तयार नव्हती. सासूबाई त्या वेळी खाली लेकीला गुंड्या लावून देत बसलेल्या. म्हणजे वर एकटे सासरेच.

"विचारा बाबांना," बायको म्हणाली.

"मी? वडील तुझे आहेत."

"आणि राउटर तुमचा."

जावई वर गेला. "बाबा, दुपारी काय करता?"

"झोपतो."

"आणि?"

"झोपेत आणखी काय करणार, जावईबापू?"

माणूस खोटं बोलेल, आलेख बोलणार नाही, अशी जावयाची श्रद्धा होती. त्याने नोंदी पुन्हा उकरल्या आणि रात्रीच्या जेवणाआधी स्वयंपाकघरात बायकोला मोठ्या हुशारीने समजावून सांगितलं, "सिनेमा बघत असते तर नुसतं आलं असतं. इथे जेवढं येतंय, तेवढंच जातंय. म्हणजे समोरासमोर बोलणं चाललंय. क्लासभर, आणि तेही एकाच पत्त्याशी."

सासूबाई मागे ताटं घेऊन उभ्या आहेत, हे त्याला बोलून झाल्यावर दिसलं.

"कुणाशी?"

"तेवढं यात कळत नाही, आई."

"मग कळतं तरी काय?"

"गावाबाहेरचं कुणीतरी आहे."

सासूबाईंनी ताटं जरा आपटूनच मांडली. सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "आज भाजी अळणी का?"

"ज्यांच्याशी दुपारभर बोलता, त्यांना विचारा."

सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं. जावयाने ताटाकडे पाहिलं. नसती अवदसा आठवली, असं त्याला मनापासून वाटलं.

सोमवारी नवी बॅच पडद्यावर जमली, बायकोने बाहीला कात्री लावली आणि पडद्यावर ती पुन्हा थिजली. सासूबाईंनी हातातली सुई खाली ठेवली. "मी वर जाते," त्या म्हणाल्या. त्यांच्या मागे गळ्यात टेप अडकवलेली लेक, आणि तिच्यामागे पुरावा म्हणून उघडा लॅपटॉप घेतलेला जावई.

दार नुसतं लोटलेलं होतं. सासरे उताणे पडून घोरत होते. उशाशी तांब्याला टेकवलेला फोन, आणि फोनमध्ये दुसरे एक म्हातारे, तेही घोरत होते. जेवढं येत होतं तेवढंच जात होतं, आलेखाची काहीच चूक नव्हती.

"हे तर यांच्या ऑफिसातले भाऊसाहेब," सासूबाई पुटपुटल्या. "जन्मभर समोरासमोरच्या टेबलांवर बसले. डबा खाल्ला की एकाने डुलकी काढायची, दुसऱ्याने साहेबांवर नजर ठेवायची. भाऊसाहेब मुलाकडे राहायला गेले आणि यांची दुपारची झोपच उडाली. मला वाटलं, वयामुळे असेल." त्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता, आणि त्या रात्री भाजीत मीठ घातलं नाही याचं त्यांना फार वाईट वाटत होतं.

बायकोने एकवार वडिलांकडे पाहिलं आणि हळूच जिन्यात जाऊन नव्या बॅचमधल्या एकीला फोन लावला. "क्लास सकाळी ठेवला तर चालेल का हो?" पलीकडून उत्तर आलं की बरंच होईल, दुपारी आमचेही डोळे मिटतात. ती हसतच परत आली.

तेवढ्यात फोनमध्ये भाऊसाहेबांच्या मागचं दार उघडलं. दारात कमरेवर हात ठेवलेल्या एक आजीबाई, त्यांच्यामागे सून, आणि सुनेच्या मागे उघडा लॅपटॉप घेतलेला मुलगा.

दोन्ही घरं एकमेकांकडे बघत राहिली. सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. आजीबाईंनी मान डोलावली. पलीकडच्या मुलाने ओशाळून लॅपटॉप मिटला, जावयानेही मिटला. त्या आवाजाने सासऱ्यांनी कूस बदलली.

"साहेब आले का रे?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

"नाही," भाऊसाहेब झोपेतच म्हणाले. "घरचेच आहेत. झोप तू."