बोध राहिलेला निबंध

आमच्या गावात कुणी पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, उताऱ्यावर निबंध लिहायला घेतला, की त्या उताऱ्यातला माणूस लिहिणाऱ्याच्या घरी राहायला येतो. निबंध पुरा झाला की जातो. प्रभू स्वतः येत नाही. चर्चच्या पाळकसाहेबांच्या मते त्याला वेगळं यावं लागत नाही. त्यामुळे मंडळीच्या वार्षिक निबंधासाठी लोक कमी माणसांचे उतारे निवडतात. मागे एकानं पाच हजारांच्या जेवणाचा उतारा घेतला, तेव्हा शाळेच्या मैदानात मंडप घालावा लागला होता.

यंदा निबंधाची पाळी कृपावती रणभिसे यांची होती. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, यजमान जाऊन बरीच वर्षं लोटलेली. त्यांनी बेथेस्दाच्या तळ्याकाठचा आजारी माणूस निवडला. त्या तळ्याचं पाणी हललं की जो पहिला उतरेल तो बरा होई. हा अडतीस वर्षं आजारी. प्रभू त्याला विचारतो, बरं व्हायचंय का? तो साधं ‘होय’ म्हणत नाही. मला पाण्यात सोडायला कुणी नाही, एवढंच सांगतो. तरी प्रभू त्याला ‘आपली बाज उचल आणि चाल’ म्हणून उठवतो.

पहिली ओळ लिहून होते तोच तो दारात आला. खांद्यावर बाज होती.

“या,” बाई म्हणाल्या. “बाज अंगणात टेकवा, आत मावायची नाही.”

सुरुवातीला तो शास्त्रातल्यासारखं जड बोलायचा. मग सरावला. भाकरी आवडीनं खायचा आणि बाई स्वयंपाक करताना उंबऱ्यापाशी बसून राहायचा. बाईंना भांड्यांच्या आवाजाखेरीज घरात दुसरा आवाज ऐकायची सवय राहिली नव्हती. दोन-तीनदा त्या उगाच दचकल्या.

मसुदा झाल्यावर बाईंनी त्याला वाचून दाखवला. ‘या मनुष्यास बरे होण्याची मुळात इच्छाच नव्हती,’ असं त्यात होतं. बहुतेक प्रवचनांत असंच सांगतात.

“मी होय म्हणालो नाही, हे खरं,” तो म्हणाला.

“का नाही म्हणालात?”

“बाई, माझ्याशी कित्येक वर्षांत कुणी बोललं नव्हतं. होय म्हणालो असतो तर बोलणं तिथंच संपलं असतं.”

बाईंनी चष्मा काढला. परवाच एक चुकून लागलेला फोन त्यांनी बराच वेळ ठेवला नव्हता. पलीकडच्या बाईला हॉस्पिटल हवं होतं. यांनी तिला पेशंटचं नाव, गाव, पथ्य, सगळं विचारून घेतलं होतं.

“आणि बरं झाल्यावर?” त्यांनी विचारलं.

“चालता यायला लागलं. तळ्याकाठची माणसं म्हणाली, आता तुझं इथं काय काम? त्यांचंही बरोबर होतं.”

बाईंनी तो परिच्छेद खोडला. त्या जागी त्यानं सांगितलेलं जसंच्या तसं लिहिलं, आणि पुढे त्यांना काही सुचेना.

शनिवारी पाळक उजागरे निबंध न्यायला आले. उभ्यानंच वाचला, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला.

“चांगलंय. पण बाई, शेवटी बोध कुठाय?”

“नाही सापडला.”

“काहीतरी लिहा ना. ‘यावरून आपण शिकतो की’, असं.”

“काय शिकतो?”

पाळकसाहेबांनी पाहुण्याकडे पाहिलं. तो खाली बघत होता. त्यांनी थोडा विचार केला.

“बोधाशिवाय निबंध पुरा धरता येत नाही,” ते म्हणाले. “तसा नियमच आहे. उद्या उपासनेत वाचता येणार नाही. आणि हे परतही जाऊ शकणार नाहीत.”

“बरं,” बाई म्हणाल्या.

“यंदाचं बक्षीस तुमचंच होतं.”

“चहा घेणार?”

पाळकसाहेबांनी चहा घेतला आणि ते गेले. 

“बोध सापडायला किती दिवस लागतात?” पाहुण्यानं विचारलं.

“काहींना जन्मभर सापडत नाही.”

“तुम्हाला घाई आहे?”

“मला कसली घाई,” बाई म्हणाल्या, आणि उद्यापासून दुधाची एक पिशवी जास्त टाक, असं सांगायला दूधवाल्याकडे निघाल्या.